छतावरचा स्मोक डिटेक्टर आणि लॅबमधला ईसीडी: आत रेडिओॲक्टिव्ह सोर्स का असतो? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी गेली बारा वर्षं द्राक्षांच्या पट्ट्यातल्या एका रेसिड्यू लॅबमध्ये, म्हणजे फळांवर उरलेली कीटकनाशकं तपासणाऱ्या लॅबमध्ये, जीसीवर, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफवर काम करते; हे मशीन सॅम्पलमधले पदार्थ कॉलम नावाच्या लांब बारीक नळीतून एकेक वेगळे करतं आणि टोकाचा डिटेक्टर ते मोजतो. आमच्या इन्स्ट्रुमेंट रूममध्ये दोन वस्तूंवर तो तीन पाकळ्यांचा रेडिएशनचा सिम्बॉल आहे, एक जीसीच्या डोक्यावर बसवलेला मुठीएवढा स्टीलचा ठोकळा, म्हणजे ईसीडी (इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर), आणि दुसरी छताला चिकटलेली, पिवळी पडत चाललेली प्लॅस्टिकची वाटी, म्हणजे स्मोक डिटेक्टर. नवीन मुलंमुली जॉइन झाली की पहिल्या आठवड्यात हटकून हेच प्रश्न येतात, सोसायटीतल्या लोकांना मी काय काम करते कळलं की तेही विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय. दोन्ही वस्तूंचं तत्त्व एकच आहे आणि तरी सोर्स वेगळा, आकार वेगळा. असं का झालं हे समजलं की या डिटेक्टरांचं डिझाइन बरंचसं समजलं म्हणून समजा.

आयनायझेशन डिटेक्टर म्हणजे नेमकं काय?

साधी हवा वीज वाहून नेत नाही. दोन पत्रे समोरासमोर ठेवा, त्यांना बॅटरी जोडा, मधल्या हवेतून करंट जाणार नाही. पण त्या हवेतल्या रेणूंमधले इलेक्ट्रॉन कोणी तरी उपटून काढले तर मोकळे इलेक्ट्रॉन एका पत्र्याकडे पळतात, उरलेले पॉझिटिव्ह आयन दुसऱ्याकडे, आणि अगदी बारीकसा करंट सुरू होतो. हा करंट सतत मोजत राहायचा आणि तो कशामुळे बदलतोय ते बघायचं, एवढंच. धूर आत शिरला तर करंट पडतो, कॉलममधून एंडोसल्फानसारख्या कीटकनाशकाचा पीक, म्हणजे एका पदार्थाचा लोट, बाहेर आला तरी करंट पडतो. म्हणजे आपण थेट धूर किंवा औषध मोजत नाही, आपण आधीच चालू असलेल्या करंटमध्ये पडलेला खड्डा मोजतो, आणि म्हणून तो मूळचा करंट स्थिर असणं फार फार महत्त्वाचं.

म्हणजे नावात आयनायझेशन असलं की आत रेडिओॲक्टिव्ह असणारच?

नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की आमच्याकडे एका ट्रेनीनं एफआयडीला, म्हणजे फ्लेम आयनायझेशन डिटेक्टरला, हात लावायला नकार दिला होता. एफआयडीमध्ये हायड्रोजनची ज्योत असते, त्या ज्योतीत कार्बनची संयुगं जळताना आयन तयार होतात, रेडिएशनचा काडीचा संबंध नाही. पीआयडीमध्ये, म्हणजे फोटो-आयनायझेशन डिटेक्टरमध्ये, अल्ट्राव्हायोलेट दिवा असतो, बहुतेक वेळा १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा (इलेक्ट्रॉन व्होल्ट हे कणांची ताकद, म्हणजे ऊर्जा मोजायचं एकक). हेलियममध्ये विजेचा पल्स्ड डिस्चार्ज पाडून आयन करणारे डिटेक्टर पण आहेत, तेही बिनसोर्सचे. रेडिओॲक्टिव्ह सोर्स असतो तो मुख्यतः ईसीडीमध्ये, आयनायझेशन टाइपच्या स्मोक डिटेक्टरमध्ये, आणि काही एक्स्प्लोझिव्ह शोधणाऱ्या मशीनमध्ये. आणि हो, छतावरचे सगळे स्मोक डिटेक्टरही आयनायझेशनचे नसतात, आता नवीन बिल्डिंगमध्ये जास्त करून ऑप्टिकल असतात, त्यात फक्त एलईडी आणि फोटोडायोड असतो. लेबल वाचा, कळतं.

पण मग ज्योत, दिवा असे पर्याय असताना सोर्सच का वापरायचा?

कारण त्याला वीज लागत नाही, गॅस लागत नाही, तो गरम होत नाही, बंद पडत नाही आणि व्होल्टेज वरखाली झालं तरी त्याला फरक पडत नाही. वर म्हटलं तसं, मूळचा करंट स्थिर हवा. रेडिओॲक्टिव्ह अणू सेकंदाला किती फुटणार हे तापमानावर, दाबावर, कशावरच अवलंबून नाही, तो आकडा वर्षानुवर्षं अतिशय हळू आणि आधीच माहीत असलेल्या वेगानं कमी होतो. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर वर्षभर जागं राहणारं उपकरण बनवायचं तर आयन तयार करण्यासाठी बॅटरीतला एक थेंबही खर्च न होणं ही केवढी मोठी सोय आहे.

स्मोक डिटेक्टरमध्ये अमेरिशियमच का?

आधी रेडियम वापरायचे. गोष्ट स्वित्झर्लंडची आहे, १९३०च्या दशकात वॉल्टर येगर विषारी वायू पकडणारा सेन्सर बनवायला बघत होते, वायूला तो काही प्रतिसाद देईना, वैतागून सिगारेट पेटवली आणि मीटरचा काटा हलला. पुढे १९४०च्या दशकात एर्न्स्ट माइली यांनी त्यावरून खरंच चालणारा डिटेक्टर तयार केला. पण रेडियम या कामाला वाईट. तो फुटून तयार होणाऱ्या पुढच्या पिढ्यांमधून जोरदार गॅमा किरण निघतात, ते प्लॅस्टिकच्या वाटीतून सहज आरपार जातात, आणि मधे रॅडॉन वायू तयार होतो, तो सीलमधून निसटायला बघतो.

अमेरिशियम-२४१ मात्र जणू याच कामासाठी असल्यासारखं आहे. अर्धायुष्य (अर्धे अणू फुटायला लागणारा काळ) ४३२ वर्षं, म्हणजे डिटेक्टरच्या दहा वर्षांच्या आयुष्यात फक्त दीड-पावणेदोन टक्के कमी होणार. अल्फा कण साधारण ५.५ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टचे, जे हवेत चारेक सेंटिमीटर गेले की संपतात, आणि कागदाच्या कपट्यानंही अडतात. गॅमा आहे पण दुबळा, ५९.५ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचा. आणि ते मिळतंही, कारण रिॲक्टरमध्ये तयार झालेल्या प्लुटोनियम-२४१ पासून ते आपोआप बनतं. पोलोनियमही अल्फा देतं, पण त्याचं अर्धायुष्य १३८ दिवस, दर सहा महिन्यांनी डिटेक्टर बदलत कोण बसणार?

जाता जाता सांगते, या मूलद्रव्याची माहिती जगाला पहिल्यांदा कळली ती नोव्हेंबर १९४५ मध्ये अमेरिकेतल्या लहान मुलांच्या रेडिओ कार्यक्रमात, एका मुलानं विचारलं की नवीन मूलद्रव्यं सापडली का आणि ग्लेन सीबॉर्ग यांनी तिथंच सांगून टाकलं. मला ही गोष्ट फार आवडते, मुलांनी सरळ प्रश्न विचारावा आणि शास्त्रज्ञानं सरळ उत्तर द्यावं.

किती असतं आत? आकडा सांगा.

साधारण एक मायक्रोक्युरी, म्हणजे ३७ किलोबेकरेल, म्हणजे सेकंदाला ३७ हजार अणू फुटतात. वजनात मोजलं तर मायक्रोग्रॅमचा तिसरा हिस्सा, डोळ्याला दिसायचा प्रश्नच नाही. आता हिशोब करून बघा, हवेत एक आयनजोडी तयार करायला साधारण ३५ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, म्हणजे एका अल्फा कणानं पूर्ण ताकद हवेत खर्च केली तर दीड लाखाच्या वर जोड्या. सेकंदाला ३७ हजार गुणिले दीड लाख, तरी करंट येतो एक नॅनोअँपिअरच्या आतच, आणि प्रत्यक्षात अर्धे कण मागच्या पत्र्यातच मरतात, काही ताकद वरच्या सोन्याच्या थरात जाते, चेंबर पण छोटा असतो, त्यामुळे त्याच्याही कितीतरी कमी. हा इतका लहान करंट आहे की डिटेक्टरचं अर्धं डिझाइन त्याला जपण्यातच जातं.

ते जपणं म्हणजे काय? वाटीच्या आत असतं तरी काय?

मी एका ट्रेनिंगमध्ये सोर्स काढून घेतलेला डमी उघडलेला बघितला, तेव्हा डोक्यात एकदम प्रकाश पडला. (तुम्ही घरचा उघडून बघू नका, का ते शेवटी सांगते.) सर्किट बोर्डावर एक आयसी होता, सोळा पायांचा, आणि त्यातले पंधरा पाय बोर्डात सोल्डर केलेले, एक पाय मात्र वर वळवून हवेतच थेट चेंबरच्या पत्र्याला जोडलेला. मला वाटलं बनवताना चुकलंय. शिकवणाऱ्या सरांनी सांगितलं की मुद्दाम आहे, कारण बोर्डावरून गेला असता तर बोर्डावरच्या ओलाव्यातून, फ्लक्सच्या डागातून, बोटाच्या ठशातूनसुद्धा जेवढा करंट गळतो तेवढाच आपला मूळ करंट आहे! हवा हा तिथं सगळ्यात चांगला इन्सुलेटर. शिवाय त्या पायाच्या दोन्ही बाजूचे पाय गार्ड म्हणून त्याच व्होल्टेजला ठेवलेले, म्हणजे गळायला उतारच नाही.

सोर्स म्हणजे काही मिलिमीटर व्यासाची चकती. अमेरिशियम ऑक्साइड सोन्यात मिसळून, दाबून, मागे चांदी आणि पुढे सोन्याचा किंवा सोनं-पॅलेडियमचा मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा थर देऊन लाटलेली. पुढचा थर जाड केला तर अल्फा बाहेर येणार नाहीत, पातळ केला तर खरडून निघायची भीती, हा सगळा खेळ त्या दीड-दोन मायक्रॉनचा आहे आणि मला वाटतं सगळ्या उपकरणातली सगळ्यात हुशार गोष्ट तीच आहे.

आणि चेंबर एक नसतो, दोन असतात. एक उघडा, ज्यात धूर शिरतो, दुसरा जवळजवळ बंद, ज्यात हवा हळूहळू जाते पण धूर सहजी जात नाही. दोन्ही एकापाठोपाठ एक जोडलेले, बऱ्याच डिझाइनमध्ये एकच सोर्स मधल्या पत्र्याच्या भोकातून दोन्हीकडे आयन करतो. पावसाळ्यात हवा दमट झाली, माथेरानला नेला आणि दाब कमी झाला तर दोन्ही चेंबरमध्ये सारखाच फरक पडतो, मधल्या पत्र्याचं व्होल्टेज हलत नाही. धूर आला तर फक्त उघड्यात येतो, धुराचे कण आयनांना चिकटवून घेतात, जड झालेले आयन रांगत चालतात आणि वाटेतच एकमेकांना भेटून विझतात, त्या चेंबरचा करंट पडतो, मधलं व्होल्टेज सरकतं, भोंगा वाजतो.

फोडणी दिली की आमचा वाजतो. खराब आहे का?

खराब नाही, उलट नीट चाललाय. आयनायझेशन टाइप अतिशय बारीक कणांना तिखट असतो, मायक्रॉनच्या दशांश-दोन दशांश भागाचे, जे भडकलेल्या ज्वाळेतून आणि कडकडीत तापलेल्या तेलातून येतात. धुमसणारी आग, म्हणजे गादीत पडलेली विडी किंवा कापसाची गाठ, तिचे कण मोठे असतात, ते ऑप्टिकल आधी पकडतो. त्यामुळे किचनच्या दाराशी आयनायझेशन टाइप लावणं ही लावणाऱ्याची चूक. उदबत्तीनंही वाजेल जर खालीच लावली तर. बॅटरी काढून ठेवणं हा उपाय नाही, जागा बदला किंवा टाइप बदला.

आता ईसीडी. तो कोणी काढला आणि कशासाठी?

जेम्स लव्हलॉक, १९५७, लंडनच्या मिल हिलमधली राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्था. ते आधी आर्गॉनवर चालणाऱ्या आयनायझेशन डिटेक्टरवर काम करत होते, त्यात काही पदार्थ विचित्र वागायचे, त्या विचित्रपणाच्या मागे लागून ईसीडी हाती आला. क्लोरीन, ब्रोमीन, फ्लोरीन असलेले रेणू मोकळा इलेक्ट्रॉन दिसला की गट्ट करतात. आणि कीटकनाशकं बघा, डीडीटी म्हणा, लिंडेन म्हणा, एंडोसल्फानमध्ये तर सहा क्लोरीन, सायपरमेथ्रिनमध्ये दोन क्लोरीन, डेल्टामेथ्रिनमध्ये दोन ब्रोमीन. म्हणजे शेतात जे मारतं तेच डिटेक्टरमध्ये उठून दिसतं. पिकोग्रॅममध्ये, काही पदार्थांसाठी त्याच्याही खाली. डीडीटीचे अंश जगभर, माणसांच्या चरबीपासून अंटार्क्टिकच्या पेंग्विनपर्यंत दिसले ते याच डिटेक्टरमुळे.

लव्हलॉक यांनी नंतर घरी बनवलेला जीसी घेऊन १९७१ मध्ये शॅकल्टन या संशोधन जहाजावरून ब्रिटनपासून अंटार्क्टिकाकडे जाताना हवा मोजली, सगळीकडे फ्रिजमधला सीएफसी सापडला, दर लाख कोटी भागांत पन्नासेक भाग. १९७३ मध्ये ते छापून आलं, १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी सीएफसीमुळे ओझोनच्या थराला असलेला धोका सांगितला. एवढ्याशा ठोकळ्यानं केवढं काम केलंय हे मी नवीन पोरांना मुद्दाम सांगते, नाहीतर त्यांना ते फक्त बेसलाईन (कुठलाही पदार्थ येत नसताना दिसणारा मूळ सिग्नल) बिघडवणारं मशीन वाटतं.

ईसीडीत निकेल-६३ का? तिथं अमेरिशियम का नाही चालत?

हा खरा डिझाइनचा प्रश्न. सगळं ठरतं ते कण किती लांब जातो यावर.

ईसीडीचा सेल, म्हणजे गॅस जिथून जातो ती आतली पोकळी, छोटा हवा, कारण कॉलममधून येणारा पीक दोन-तीन सेकंदांचा असतो, सेल मोठा असेल तर तो आत पसरून लांबट होणार. कणानं आपली ताकद त्या एवढ्याशा जागेतल्या गॅसमध्ये खर्च करायला हवी. लव्हलॉक यांनी आर्गॉन डिटेक्टरमध्ये स्ट्रॉन्शियम-९० वापरलं होतं, पण त्याच्या पोटच्या यिट्रियमचे बीटा, म्हणजे वेगानं सुटलेले इलेक्ट्रॉन, २.२८ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत जातात, हवेत मीटरच्या मीटर. छोट्या सेलमध्ये ते गॅसला निसटता स्पर्श करून भिंतीत घुसतात, आयन कमी आणि शील्डिंगचा त्रास जास्त. अल्फामध्ये उलटी अडचण, एक अल्फा एकदम लाखभर जोड्या करतो, पण त्या एका बारीक रेषेत दाटीवाटीनं, आणि कण मोजके, म्हणजे करंट झटक्या-झटक्यानं येतो आणि नॉइज वाढतो. आपल्याला पाहिजेत भरपूर संख्येनं छोटे छोटे कण, ज्यामुळे करंट संथ पाण्यासारखा राहील.

मग आलं ट्रिटियम. बीटा जास्तीत जास्त १८.६ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचे, हवेत सहा मिलिमीटरच्या आत संपणारे, सेलसाठी अगदी झकास. पण ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनचाच एक रेडिओॲक्टिव्ह प्रकार, तो टायटॅनियमच्या पत्र्यात शोषवलेला असतो आणि तापवलं की बाहेर पडतो. टायटॅनियमचा पत्रा २२५ अंशांपर्यंत, नंतर आलेला स्कँडियमचा ३२५ पर्यंत. आणि गंमत बघा, डिटेक्टर थंड ठेवला की जड कीटकनाशकं आणि कॉलमचा ब्लीड, म्हणजे कॉलमच्या आतल्या थरातून सुटणारा अंश, सोर्सवरच जाऊन बसतात, मग इतके दुबळे बीटा त्या थरातून वर येऊच शकत नाहीत. वर ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, दहा वर्षांत ४० टक्क्यांहून जास्त गेला.

निकेल-६३ हा या सगळ्यांमधला सुवर्णमध्य. शुद्ध बीटा, गॅमा अजिबात नाही, जास्तीत जास्त ६७ किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट, सरासरी १७, म्हणजे सरासरी कण गॅसमध्ये काही मिलिमीटर जातो, सगळ्यात जोरदार असला तरी पाचेक सेंटिमीटर. धातू असल्यामुळे पत्र्यावर इलेक्ट्रोप्लेट करता येतो आणि ३५०-४०० अंशांना भाजला तरी जागेवर बसून राहतो. अर्धायुष्य सुमारे १०० वर्षं. फुटल्यावर तयार होतं ते साधं स्थिर तांबं. नेहमीच्या ईसीडीत १० ते १५ मिलिक्युरी असतं, म्हणजे बेकरेलमध्ये मोजलं तर छतावरच्या वाटीच्या दहा-पंधरा हजार पट. हे ऐकून लोक दचकतात, पण बाहेर काही येत नाही, सेलची स्टीलची भिंत बीटाला पूर्ण अडवते.

ईसीडीत व्होल्टेज सतत न देता पल्स का देतात?

सुरुवातीला सतत द्यायचे, पण मग आयनांची गर्दी साचून आणि पत्र्यांवरच्या घाणीमुळे भलतेच खोटे सिग्नल यायचे. शिवाय इलेक्ट्रॉन सतत पळत असेल तर त्याला पकडणं अवघड. म्हणून बहुतेक वेळ फील्ड बंद ठेवायचं, इलेक्ट्रॉन गॅसवर आपटत आपटत शांत होतात (आर्गॉनमध्ये ५ टक्के मिथेन टाकतात ते याचसाठी), तेवढ्यात क्लोरीनवाले रेणू त्यांना उचलतात, मग मायक्रोसेकंदभर पल्स देऊन उरलेले गोळा करायचे. आताच्या मशीनमध्ये करंट ठरावीक ठेवतात आणि तो टिकवायला सेकंदाला किती पल्स लागले ते मोजतात. म्हणूनच तुमच्या स्क्रीनवर ईसीडीची बेसलाईन हर्ट्झमध्ये दिसते.

बेसलाईन चढलीये. सोर्स संपला का?

शंभरात नव्व्याण्णव वेळा नाही. निकेल-६३ दहा वर्षांत फक्त सात टक्के कमी होतो, तुमची बेसलाईन एका आठवड्यात दुप्पट झाली तर दोष सोर्सचा कसा असेल? बेसलाईन चढते म्हणजे कोणी तरी सतत इलेक्ट्रॉन खातंय. मी या क्रमानं बघते, आधी सिलिंडर बदलला का, नायट्रोजन ९९.९९९ टक्के आहे का, ऑक्सिजन आणि ओलाव्याचा ट्रॅप संपला का, सेप्टम, म्हणजे सुई टोचायची रबरी चकती, कधीचा आहे, कुठे लीक आहे का. ऑक्सिजन स्वतः इलेक्ट्रॉनखाऊ आहे, नट पाव फेरा ढिला असला तरी पुरे. आणि सगळ्यात नेहमीचं कारण, कोणी तरी डायक्लोरोमिथेन या क्लोरीनवाल्या सॉल्व्हंटमधलं सॅम्पल मारलं. तेवढं एक इंजेक्शन आणि मग दिवसभर डिटेक्टर आंधळा. सॅम्पल हेक्झेन किंवा आयसोऑक्टेनमध्ये बदलून घ्या, हे मी लॅबच्या दारावर लिहून लावलंय.

डिटेक्टर रात्रभर स्वच्छ गॅसवर वरच्या तापमानाला भाजत ठेवा, बहुतेक वेळा सकाळी उतरलेली असते. नसेल तर कंपनीचा अधिकृत माणूस. सेल उघडून सॉल्व्हंटनं धुवायचं, घासायचं हे कधीही, कुणीही, कितीही अनुभव असला तरी करू नका. प्लेटिंग आहे ते, घासलं की निघतं.

सोर्स गळतोय का बघायची वाइप टेस्ट म्हणजे काय? आणि जीएम (गायगर-म्युलर) मीटरनं, म्हणजे नेहमीच्या रेडिएशन मीटरनं का नाही बघायचं?

कारण निकेल-६३चे बीटा इतके दुबळे आहेत की साध्या जीएम मीटरच्या खिडकीतूनच बहुतेक आत जात नाहीत, मीटर शून्य दाखवणार आणि तुम्हाला खोटा दिलासा मिळणार. म्हणून मिथेनॉलनं ओला केलेला बोळा घेऊन डिटेक्टरचा बाहेरचा भाग, सांधे, व्हेंटचं (गॅस बाहेर पडायच्या वाटेचं) तोंड पुसायचं आणि तो बोळा लिक्विड सिंटिलेशन काउंटरमध्ये, म्हणजे रेडिएशननं चमकणाऱ्या द्रवातला प्रकाश मोजणाऱ्या मशीनमध्ये मोजायचा. तिथं बोळा द्रवातच बुडलेला असल्यामुळे दुबळा बीटाही सुटत नाही. अमेरिकेत यासाठी १८५ बेकरेलची मर्यादा धरतात, त्याच्या वर गेलं की सोर्स गळतोय असं समजायचं. आम्ही ग्लोव्हज घालतो, डिटेक्टर गार होऊ देतो, बोळ्याच्या बाटलीवर डिटेक्टरचा सिरियल नंबर आणि तारीख लिहितो, आणि रिपोर्ट मशीनच्या फाइलमध्येच लावतो. व्हेंट उघडा खोलीत सोडू नका, नळी लावून एक्झॉस्टमध्ये न्या.

मी गरोदर आहे. ईसीडीच्या खोलीत काम करू का?

हा प्रश्न मलाही होता, मी स्वतः सातव्या महिन्यापर्यंत त्याच खोलीत काम केलंय. बंद आणि धड असलेल्या ईसीडीच्या बाहेर बीटा येत नाहीत, गॅमा नाही. त्या खोलीत खरी काळजी करायची ती सॉल्व्हंटच्या वाफांची आणि कीटकनाशकांच्या स्टँडर्डची (तुलनेसाठी ठेवलेल्या शुद्ध नमुन्यांची), फ्यूम हूड, म्हणजे वाफा ओढून घेणारं कपाट, नीट चालतोय ना ते बघा. तरीही तुमच्या आरएसओंना, म्हणजे रेडिएशन सेफ्टी ऑफिसरना आणि डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

घरचा स्मोक डिटेक्टर तरी सुरक्षित आहे का? मुलं खाली झोपतात.

छतावर बसलेला, न उघडलेला, हो. अल्फा वाटीबाहेर येत नाहीत, तो दुबळा गॅमा थोडा येतो पण अंतरावर नगण्य. तुलना हवी असेल तर आपल्या प्रत्येकाच्या अंगात पोटॅशियम-४० चे सेकंदाला चारेक हजार अणू फुटत असतातच. पण ही तुलना फक्त बंद डिटेक्टरला लागू, कारण अल्फा देणारी वस्तू अंगाबाहेर निरुपद्रवी आणि पोटात किंवा फुप्फुसात गेली तर घातक. सोर्सची चकती खरडणं, कापणं, जाळणं म्हणजे ती धूळ करणं. उघडू नका म्हणते ते यासाठी.

एअरपोर्टवर बॅगेला पट्टी पुसून मशीनमध्ये घालतात, ते काय?

ईसीडीचा चुलतभाऊ. पट्टी तापवून निघालेली वाफ आयन करायची, आयनांना नळीतून पळवायचं आणि कोण किती वेळात पोचला ते बघायचं. आरडीएक्स, टीएनटीचे नायट्रो गट इलेक्ट्रॉन आवडीनं घेतात. अनेक मशीनमध्ये आयन करायला निकेल-६३ असतं, आता बिनसोर्सचीही आली आहेत.

जुना जीसी स्वस्तात मिळतोय, ईसीडीसकट. घेऊ का?

कागद बघितल्याशिवाय हात लावू नका. भारतात यावर एईआरबीचं, म्हणजे मुंबईत अणुशक्तीनगरला असलेल्या अणुऊर्जा नियामक परिषदेचं नियंत्रण आहे आणि परवानगीची कामं ई-लोरा या त्यांच्या पोर्टलवरून होतात. आमच्याकडे काही वर्षांपूर्वी एक जण असाच जीसी घेऊन आला होता, एका कॉलेजनं लिलावात काढलेला, टेम्पोत तिरका टाकलेला. वरच्या कव्हरखाली ईसीडी तसाच होता, सिम्बॉलचं लेबल उन्हानं उडालेलं, सिरियल नंबरचा कोरीव आकडा तेवढा राहिलेला. त्या माणसाला माहीतच नव्हतं आत काय आहे, तो म्हणाला ताई, तो भाग स्टीलचा आहे, नको असेल तर भंगारात चांगला भाव येईल. माझ्या पोटात गोळाच आला. आम्ही तो तिथंच थांबवला, कॉलेजला फोन केला, त्यांच्याकडच्या जुन्या रजिस्टरमध्ये नोंद सापडायला दोन दिवस लागले, मग रीतसर कळवून सोर्स परत गेला.

कोणी वाईट हेतूनं केलं नव्हतं. ज्या सरांनी तो मशीन घेतला ते रिटायर झाले, फाइल कपाटात राहिली, आणि मशीन म्हणजे एक जुनं धूड झालं. दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात २०१० मध्ये नेमकं हेच झालं होतं, एका विद्यापीठानं लिलावात काढलेल्या इरेडिएटरमधलं (वस्तूंवर जोरदार रेडिएशन पाडायच्या मशीनमधलं) कोबाल्ट-६० भंगारवाल्यांनी कापलं, लोक होरपळले, एकाचा जीव गेला. कोबाल्टचा तो सोर्स आणि आपला निकेल यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, ईसीडीमुळे तसं काही होणार नाही, पण वाट तीच, कपाटात विसरलेली फाइल. म्हणून आमच्याकडे आता ईसीडीचा सिरियल नंबर, सोर्स, किती मिलिक्युरी आणि कोणत्या तारखेचं, हे मशीनच्या पाठीवर ऑइल पेंटनं लिहिलेलं आहे, स्टिकर नाही.

जुना आयनायझेशन स्मोक डिटेक्टर काढला. आता काय करू?

आधी मागचं लेबल वाचा. तीन पाकळ्यांचा सिम्बॉल, अमेरिशियम किंवा एएम-२४१ असं काही आणि किलोबेकरेल किंवा मायक्रोक्युरीचा आकडा असेल तर तो आयनायझेशनचा. बॅटरी काढा, वाटी उघडू नका, फोडू नका, ओल्या-सुक्या कचऱ्यात आणि भंगारवाल्याला देऊ नका. पिशवीत घालून, वर लिहून, ज्या फायर अलार्मवाल्यानं बसवला त्याला परत द्या, घेत नसेल तर डिटेक्टरच्या कंपनीला लिहा, तिथंही उत्तर नाही आलं तर एईआरबीला ईमेल करा. सोसायटीत एकदम पन्नास-साठ निघत असतील तर कंत्राट देतानाच लिहून घ्या की जुने डिटेक्टर मोजून परत नेणार आणि त्याची पावती देणार. आमच्या सोसायटीत मी ते वाक्य घालायला लावलं, चौसष्ट निघाले, चौसष्टची पावती सेक्रेटरीकाकांच्या फाइलला आहे.